मागच्या गाडीचं तोंड

मे महिन्यात आमच्या थांब्यावर नारळ फुटला. अकराचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला, तोवर झेंडूच्या माळांनी उन्हात माना टाकल्या होत्या. नवी कोरी हिरवी-पांढरी बस, कुशीवर हे एवढं मोठं पान रंगवलेलं, पानाखाली ‘शून्य प्रदूषण’. काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. झेंडी दाखवायला आलेली मंडळी मोटारीतून आली आणि झेंडी दाखवून मोटारीतूनच गेली. आम्ही ज्येष्ठ नागरिक संघाचे पंधरा-वीस जण मात्र त्या बसमधून स्टेशनपर्यंत जाऊन आलो, फुकट. गार हवा, धूर नाही, घरघर नाही. शेजारी बसलेल्या काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “अगं, ही चालू आहे का बंद तेच कळत नाही!”

पुढच्या दोन महिन्यांत हे वाक्य आम्ही सगळेच म्हणायला लागलो, फक्त हसू मावळलं होतं.

गावाचं नाव सांगत नाही. मुंबईच्या लोकलच्या नकाशावर टोकाकडे जी आठ-दहा नावं आहेत त्यांतलं एक समजा. कुठलंही धरलंत तरी फारसं चुकणार नाही. स्टेशनच्या एका अंगाला जुनं गाव, दुसऱ्या अंगाला बाजार आणि बाजारापासून साडेचार किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी आमची वसाहत. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सात इमारती होत्या आणि वीस मिनिटांनी एक लाल बस होती. आता तेवीस-तेवीस मजल्यांचे टॉवर उभे आहेत, त्यांच्या जाहिरातींत ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ असं छापलेलं असतं, आणि ही दहा मिनिटं नेमकी कशातून बसून मोजली, हे कुणी विचारत नाही.

आमच्या थांब्यावर सकाळी सव्वासहाला रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन असतात. सातनंतर कॉलेजच्या मुली. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिसला जाणारे एक गृहस्थ आणि हातात स्टीलचा डबा धरून त्यांची बायको. दुपारी एकच्या सुमाराला टॉवरमधली धुणीभांडी आटोपून निघालेल्या बाया. त्यांना घरी जाऊन स्वतःच्या घरातली धुणीभांडी करायची असतात. बस मिळाली तर बारा रुपये. नाही मिळाली तर शेअर रिक्षा, माणशी तीस. मागे तिघं, पुढे ड्रायव्हरच्या डाव्या मांडीशी एक, उजव्या मांडीशी एक. जाऊन-येऊन साठ, महिन्याचे पंधराशे. त्यातल्या एकीनं मला हिशेब सांगितला होता, “बाई, चार घरं करते, पण एका घराचा पगार रिक्षावालाच नेतो.” आमच्याकडे मला सगळे बाईच म्हणतात. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, निवृत्त झाले तरी तो शिक्का काही पुसला जात नाही.

मध्यंतरी ॲप आलं. मोबाइलवर नकाशा दिसतो आणि नकाशावर हिरवा ठिपका सरकतो. कॉलेजच्या मुलींनी मला ते शिकवलं. पहिल्या दिवशी ठिपका म्हणाला, दोन मिनिटं. वीस मिनिटांनंतरही दोनच मिनिटं म्हणत होता. मग ठिपका आमच्या थांब्यावर आला, आमच्या अंगावरून पुढे गेला आणि रस्त्यावर मात्र एक कुत्रा सोडून काहीच हललं नव्हतं. मुलींनी त्या बसला ‘भुताची बस’ नाव ठेवलं. पूर्वी बस येणार नाही हे आपल्याला कळत नसे. आता ती न येताही निघून गेल्याचं कळतं.

*

बस न येण्याचा मला इतका राग येतो त्याला कारण घरचं आहे. माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. १९६१ साली लागले. आमचं बिऱ्हाड लालबागच्या चाळीत. ते पाळीवरून आले की तिकिटांची पत्र्याची पेटी, पंच आणि चामड्याची पिशवी यांची फळीवर ठरलेली जागा होती. आम्हा भावंडांना हात लावायची बंदी. खाकी शर्टाला नाण्यांचा वास यायचा. नाण्यांना वास असतो हे आताच्या मुलांना सांगूनही पटणार नाही.

त्यांच्या नोकरीतली काही वर्षं गेली ती ट्रॉलीबसवर. ही गोष्ट सांगितली की लोक मला दुरुस्त करायला येतात, ‘ट्राम म्हणायचंय का?’ नाही. ट्राम वेगळी. ट्रॉलीबस म्हणजे रबरी टायरची, रुळांशिवाय धावणारी, डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी बस. ११ जून १९६२ला ती मुंबईत सुरू झाली, गवालिया टँक ते माझगाव डॉक, एकूण बारा गाड्या. म्हणजे आज ‘मुंबईत विजेवरची बस’ असं कुणी नव्यानं सांगायला लागलं, की माझ्या डोळ्यांसमोर वडील उभे राहतात. वळणावर वरचा दांडा तारेवरून निसटायचा, गाडी जागच्या जागी गप्प व्हायची, मग कंडक्टरनं खाली उतरून दांडा पुन्हा तारेला लावायचा. भर पावसात हे काम करताना आपली कशी फजिती व्हायची ते वडील साभिनय सांगत. “लोक आत बसून हसायचे,” म्हणायचे, “पण उतरून कुणी जायचं नाही.”

का नाही जायचं, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. “पुढच्या गाडीची पाठ आणि मागच्या गाडीचं तोंड, दोन्ही दिसलं पाहिजे. मध्ये आपण. त्याला म्हणायचं सर्व्हिस. नुसती गाडी असून काय, गाडी तर म्युझियममध्येपण असते.”

विजेचं कौतुक त्यांनाही होतं, पण आधी सर्व्हिस. आणि मुंबईनं गाड्या बदलल्या त्या किती वेळा! ९ मे १८७४ला पहिली ट्राम धावली ती घोड्यांची. १९०७च्या मे महिन्यात ती विजेवर आली. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. १९३७ला डबल डेकर. ७ ऑगस्ट १९४७ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, सगळा कारभार महापालिकेकडे आला. ३१ मार्च १९६४च्या रात्री शेवटची ट्राम गेली. २४ मार्च १९७१ला ट्रॉलीबसही. विजेवर चालणाऱ्या दोन्ही गाड्या सात वर्षांच्या अंतरानं आपण हातानं मोडीत काढल्या, तारा उतरवल्या आणि डिझेलला शरण गेलो. पुढे सीएनजी आला. आता पुन्हा वीज. दर पिढीला कुणीतरी येऊन नवं इंजिन दाखवतं आणि आपण पुन्हा नारळ आणायला धावतो.

बेस्ट हे नावच पाहा, बृहन्मुंबई इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट. त्यात ‘इलेक्ट्रिक सप्लाय’ आधी आहे. शहराच्या एका भागाला वीज पुरवायची, त्यात चार पैसे सुटायचे आणि त्यांतून बसची तूट भरून काढायची, असा तो जुना संसार होता. मोठ्या भावाच्या पगारावर धाकट्यानं शिकावं तसा. वीजदर ठरवणारा आयोग आला, २००३चा वीज कायदा आला, वीजग्राहकानं बसप्रवाशाचा भार का उचलायचा असा रास्त प्रश्न आला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि हळूहळू भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. प्रश्न रास्तच होता, मी नाही म्हणत नाही. पण गंमत बघा, बस तेलावर चालायची तेव्हा तिला विजेचा पैसा मिळत होता. आता ती विजेवर चालायला लागली आणि विजेचा पैसा मिळेनासा झाला.

पंधरा वर्षांपूर्वी बेस्टकडे साडेचार हजारांच्या घरात गाड्या होत्या. २०२५ साली तीन हजारसुद्धा राहिल्या नाहीत, आणि त्यांतही बेस्टच्या मालकीच्या थोड्याच, बाकी कंत्राटदारांच्या. केंद्राच्या नगरविकास खात्याचा स्वतःचाच निकष असा, की चांगली सेवा म्हणवून घ्यायची तर दर लाख लोकांमागे साठ बस हव्यात. मुंबईची २०११च्या जनगणनेची सव्वा कोट लोकसंख्या धरली, मधल्या चौदा वर्षांत एक मूलही जन्मलं नाही असं मानलं, तरी हा आकडा पंचवीसच्या वर जात नाही. जानेवारी २०२२मध्ये नऊशे वातानुकूलित विजेच्या डबल डेकरना मंजुरी मिळाली होती. रस्त्यावर दिसल्या त्या पन्नासएक. जुनी साधी डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ला शेवटची धावली, अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झला. लोकांनी तिला हार घातले. वडील तेव्हा हयात नव्हते, बरं झालं. किमान भाडं २०१९ला पाच रुपयांवर आणलं होतं ते ९ मे २०२५पासून दहा झालं. ९ मे ही तारीख वर येऊन गेली आहे, घोड्यांच्या ट्रामची. ती कुणी मुद्दाम निवडली असेल असं वाटत नाही, इतका इतिहास कुणाच्या लक्षात असतो!

*

आमच्या गावाचा बेस्टशी काही संबंध नाही, आमचं प्रकरण छोटं आहे, पण दुखणं तेच. ऑगस्टमध्ये संघातर्फे आम्ही पाच जण निवेदन घेऊन परिवहनच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा दिला. बोलायला सज्जन माणूस. आम्ही म्हटलं, गाड्या कुठे गेल्या? ते म्हणाले, “गाड्या आहेत, मॅडम. ड्रायव्हर नाहीत.” ड्रायव्हर का नाहीत? कंत्राटदारानं पगार थकवले म्हणून ते गावी निघून गेले. कंत्राटदारानं का थकवले? त्याची बिलं थकली. ती कुणी थकवली? साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि छताकडे पाहिलं. छताला नवा पंखा होता.

तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की या नव्या बस मुळात आमच्या पालिकेच्या नाहीतच. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, बॅटरी कंत्राटदाराची. पालिका त्याला किलोमीटरमागे ठरलेली रक्कम देते; बसमध्ये चार माणसं असोत की चाळीस, त्याला फरक पडत नाही. तिकिटाचे पैसे पालिकेकडे. दिवसाला इतके किलोमीटर गाडी चालवू, असं वचन करारात असतं. यात कल्पना वाईट नाही. विजेची बस डिझेलच्या दुप्पटीहूनही महाग. एवढी रक्कम एकदम आणायची कुठून? ती कंत्राटदारानं आणावी, पालिकेनं हप्त्याहप्त्यानं फेडावी. पण तिकिटातून किलोमीटरला जे मिळतं ते द्यायच्या रकमेच्या निम्मंही नसतं. मग महिनाअखेरीला तंगी आली की पालिका काय करते? किलोमीटर कापते. आणि सगळ्यात आधी कापतात कुठले? दुपारचे, रात्रीचे आणि डोंगराच्या पायथ्याचे.

साहेबांकडून बाहेर पडलो तेव्हा आमच्यातले एक जण, बँकेतून निवृत्त झालेले, जिन्यात म्हणाले, “आपल्याकडे लग्नाला पैसा मिळतो, संसाराला नाही.” अगदी तसंच आहे. गाडी घेणं म्हणजे लग्न. मांडव असतो, पाहुणे असतात, फोटो असतात, सरकारी अनुदानाचा आहेर असतो. रोज सकाळी साडेपाचला ती गाडी बाहेर काढणं, म्हणजे संसार. त्याला कुणी झेंडी दाखवत नाही. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरसुधारणा योजनेच्या काळात, २००९नंतर, गावोगावच्या पालिकांना केंद्राच्या पैशातून बस मिळाल्या होत्या. राज्यभरातल्या डेपोंत त्या बसचे सांगाडे बघून आलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. टायर घ्यायला पैसे नव्हते, म्हणून एका गाडीचे टायर काढून दुसरीला, मग दुसरीचे तिसरीला. विजेच्या गाड्यांसाठी पुढे केंद्राच्या ‘फेम’ योजनेची अनुदानं आली. तीही बहुतेक खरेदीलाच.

अलीकडे थोडं शहाणपण आलेलं दिसतं, तेही सांगायला हवं. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान ई-बस सेवा योजनेत दहा हजार बस घ्यायच्या आहेत, ५७,६१३ कोटींचा खर्च, त्यांतले वीस हजार कोटी केंद्राचे. आणि त्यात दहा वर्षं बस चालवायलाही मदत आहे. नंतर सप्टेंबर २०२४मध्ये आणखी एक ३,४३५ कोटींची व्यवस्था केली ती कशासाठी, तर पालिकांनी कंत्राटदाराचं बिल थकवलं तर ते आधी चुकतं करता यावं म्हणून. सरकारनंच सरकारला जामीन राहायचं. एवढी वेळ आली म्हणजे आमच्या साहेबांनी ज्या छताकडे पाहिलं, तसं देशभर पाहिलं जात असणार.

आपल्या एसटीचं बघा. १ जून १९४८ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. १ जून २०२२ला त्याच रस्त्यावर विजेची ‘शिवाई’ सोडली. मला ती कल्पना फार आवडली होती. त्यानंतर ५,१५० विजेच्या बस भाड्यानं घ्यायचा मोठा करार झाला. २०२५च्या मे महिन्यापर्यंत त्यांतल्या सव्वादोनशेसुद्धा आल्या नव्हत्या आणि परिवहनमंत्र्यांवर करार रद्द करा म्हणायची पाळी आली. तोवर जुन्या लाल गाड्यांची वयं वाढत होती, त्यांच्या खिडक्या खडखडत होत्या, कारण नव्या विजेच्या गाड्या येणार येणार म्हणत येतच नव्हत्या. नव्या सुनेच्या भरवशावर आहे ती मोलकरीण काढावी आणि सुनेनं माहेरूनच निघू नये, तसं.

*

एवढं बोलून घेतलं, तरी ती हिरवी बस येते तेव्हा मला ती आवडते, हे कबूल करते. माझ्या आईला दमा होता. डिझेलची बस सुटताना मागून काळा लोट यायचा, तेव्हा ती पदराचा बोळा नाकाशी धरून पाठ फिरवायची. तिची ती पाठ मला अजून दिसते. या बसच्या मागे उभं राहून श्वास घेता येतो. वीज शेवटी चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातूनच येते, धूर तुमच्या नाकातून काढून विदर्भातल्या माणसाच्या नाकात घातला, असं माझा भाचा म्हणतो. त्यात तथ्य आहे. पण पन्नास माणसं एका गाडीत बसली तर तो धूरही वाटणीला कमीच येतो. आणि पन्नास माणसं पन्नास स्कूटरवर बसली तर? त्या स्कूटर विजेच्या असल्या तरी स्टेशनबाहेर त्या लावायच्या कुठे? हा साधा हिशेब कुणी मांडत नाही. विजेच्या मोटारींना ऑगस्ट २०२५पासून अटल सेतूवर टोल माफ झाला. चांगलं आहे. आमच्या थांब्यावरून अटल सेतूला जाणारं कुणी माझ्या माहितीत नाही.

ड्रायव्हरांशी बोलायची मला वडिलांमुळे सवय आहे. हिरव्या बसवरचा एक पोरगा, पंचवीस-सव्वीसचा, बीडकडचा, आधी ट्रक चालवायचा. तो म्हणाला, “बाई, हिला गिअर नाही, क्लच नाही. पाय जरा टेकवला की उडी मारते. आणि आवाज नाही, त्यामुळं माणसं बाजूला होत नाहीत. पहिले पंधरा दिवस मला रात्री झोप नव्हती.” इंजिनाच्या आवाजावरून ज्यानं गाडी ओळखली, त्याला ही मुकी गाडी द्यायची तर शिकवायला वेळ द्यायला हवा. ९ डिसेंबर २०२४च्या रात्री कुर्ल्यात ३३२ क्रमांकाची विजेची बस गर्दीत घुसली आणि माणसं गेली. कोर्टाचं कोर्ट पाहील. पण त्या रात्रीनंतर प्रशिक्षण किती दिवसांचं असतं हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आला, तो आधी यायला हवा होता. वडिलांना नोकरी कायम होती, भविष्यनिर्वाह निधी होता, गणवेश धुवायचा भत्ता होता. ते रस्त्यावरून चालले तरी लोक ‘मास्तर’ म्हणून हाक मारत. हा पोरगा सहा जणांत एक खोली घेऊन राहतो आणि पगार झाला का, हे मी त्याला विचारायचं टाळते.

त्यानंच मला दुपारच्या बसचं कोडं सोडवून दिलं. गाड्या सकाळी भरलेल्या बॅटरीवर निघतात. थंड हवेचं यंत्र, चढ, ट्रॅफिक यांत दुपारपर्यंत बॅटरी अर्ध्यावर येते. मग साडेबारा ते तीन चार्जिंग. चार्जर थोडे, गाड्या जास्त, म्हणून रांग. नवीन चार्जर बसवायला उच्चदाबाची वेगळी जोडणी लागते, तिची फाइल कुठेतरी आहे. म्हणजे ज्या वेळी भांडी घासून बाया थांब्यावर येतात, नेमक्या त्याच वेळी बस जेवायला गेलेली असते.

*

गेल्या मंगळवारची गोष्ट. पोस्टात काम होतं, दुपारी एकला थांब्यावर पोचले. तिथे आधीच सात-आठ जण. त्या चार घरं करणाऱ्या बाई, बाकावर डायलिसिसवाले गृहस्थ डोळे मिटून, शेजारी त्यांची बायको. त्यांना त्या दिवशी उशिराची वेळ दिली होती. पाऊण तास गेला. रिक्षावाले समोरून ‘स्टेशन, स्टेशन’ करत होते. मग वळणावर हिरवं पान दिसलं. सगळे उठले. बस जवळ आली, पाटीवर स्टेशनच्या ऐवजी ‘आगार’ लिहिलेलं. तरी ती थांबली. बीडकडच्याच पोरानं दार उघडलं. “डेपोला चाललीय. आठ टक्केच राहिलंय. एसी बंद केलाय. यायचं तर या डेपोपर्यंत, तिकीट नको.”

डेपो वाटेत निम्म्यावर आहे. तिथून स्टेशन दोन-अडीच किलोमीटर. कुणी हललं नाही. निम्म्यावर उतरून त्या गृहस्थांना कसं चालवायचं? बाई म्हणाल्या, “तिथून रिक्षा मिळत न्हाई, इथून तरी मिळंल.” मी एकटीच चढले. माझ्याकडे वेळ होता आणि खरं सांगायचं तर मला डेपो बघायचा होता.

काचा न उघडणारी बस, एसी बंद. दहा मिनिटांत मी घामानं भिजले. पण आवाज नव्हता. त्या शांततेत पोरगा आरशात माझ्याकडे बघून म्हणाला, “सॉरी हां, बाई.” त्यानं कशाबद्दल माफी मागायची?

डेपोत चार्जरच्या खांबांपाशी चार हिरव्या गाड्या नळ्या लावून उभ्या होत्या, सलाइन लावल्यासारख्या. त्यांच्या मागे आणखी पाच-सहा नंबर लावून. आणि कुंपणाच्या कडेला, गवतात, आमच्या जुन्या लाल गाड्या. टायर नाहीत, सीटा नाहीत. एकीच्या मागच्या खिडकीतून पिंपळ बाहेर आलेला, चांगला पुरुषभर उंच, आणि कावळीनं त्यात घर बांधलेलं. टपावर गारवेल चढलेली, जांभळ्या फुलांनी भरलेली. नंबरपाटीची जागा वेलीनं झाकली होती, पण मला नंबर माहीत होता. ती आमचीच बस होती, वीस मिनिटांनी येणारी. मी पोराला ती दाखवली तर तो हसला. “खरी हिरवी बस हीच,” म्हणाला.

डेपोच्या गेटवर उभी राहिले. ऊन, रिक्षा नाही, चालायचं तर गुडघा बोलायला लागला होता. तेवढ्यात लेकाचा फोन. त्यानं दिवाळीत विजेची स्कूटर घेतली आहे. घेताना मी कुरकुरले होते तर म्हणाला, “अगं, पर्यावरणाचंच काम आहे की, तुझ्या बसची वाट बघत माझी अर्धी नोकरी जाईल.” त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. म्हणाला, “कुठं आहेस? येऊ का घ्यायला?”

मी दोन क्षण काही बोलले नाही. मग म्हटलं, ये.

पोस्टात जायचा उत्साह उरला नव्हता. स्कूटर घराकडे वळवली. तिलाही आवाज नाही, तीही चालू आहे का बंद कळत नाही. आमच्या थांब्यावरून गेलो तेव्हा डायलिसिसवाले जोडपं दिसलं नाही, त्यांना रिक्षा मिळाली असावी. त्या बाई मात्र अजून उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. त्यांनी मला ओळखलं आणि हात वर केला, थांबा म्हणून की नुसता ओळखीचा, ते कळलं नाही. मी चष्मा पुसायच्या निमित्तानं मान खाली घातली.